रातव्याच्या बायकोला माहीत होतं का?

९ फेब्रु., रवि.
बघण्याचा कार्यक्रम पार पडला. मुलगा धायरीचा, कौस्तुभ. पोहे आईने केले, श्रेय मला. मग नेहमीचं, "मुलांना बोलू द्या जरा," आणि रवानगी माझ्या खोलीत. कपाटात 'रातवा' कॉमिकचे जुने अंक दिसले त्याला. पहिलाच प्रश्न, "पिक्चर बघणार?" म्हटलं, अर्थात. तो म्हणाला, "ट्रेलरमध्येच वाट लावलीय." झालं! पाऊण तास भांडलो.
त्याचं म्हणणं, कॉमिकमधला रातवा काळी शाल पांघरतो नि उडतो, विषय संपला. पिक्चरमध्ये त्याच्या पाठीला मोटार कशाला? मी म्हटलं, धडधाकट माणूस शालीवर उडत नसतो. तर म्हणे, "मग तुम्ही डॉक्युमेंटरी बघा." आगाऊ!
बाहेर आलो तर त्याच्या आई म्हणाल्या, "बोलकी हाय पोरगी." बाबांनी विचारलं, काय काय बोललात? दोघंही एकदम म्हणालो, "रातवा." नोकरी, घर, एक अक्षर विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, "छान. महत्त्वाचं तेवढं राहिलं."

१० फेब्रु.
त्यांचा होकार आला! आपलं तेवीसला कळवायचं. मटार सोलता सोलता आई म्हणाली, "आणि गोळीचं काढू नकोस हं."
कॉलेजात असताना मला फिट यायची. आता कित्येक वर्षांत नाही. पण गोळी चालू, रोज रात्री नऊला. डॉक्टर म्हणतात लग्न, मुलं, सगळं होईल, फक्त नवऱ्याला आधी सांगा. आधीच्या दोन स्थळांना सांगितलं. दोन्हीकडून उत्तर, पत्रिका जमत नाही. जमलेली पत्रिका!
आईचं चूक आहे असंही म्हणवत नाही.

१३ फेब्रु.
कौ.शी मेसेजवर भांडण चालूच. अहो-जाहो कधी गळलं कळलं नाही. आज म्हणे, मोटार एक वेळ सोडून देऊ, खरा घोटाळा वेगळाच. पिक्चरमध्ये रातवा बायकोला, म्हणजे सुमनला, लग्न झाल्या झाल्या सांगून टाकतो की रात्री उडणारा तो आपणच. कॉमिकमध्ये शेवटपर्यंत सांगत नाही.
मी तापले. लिहिलं, एका घरात राहून बायकोला पत्ताच नाही? ही सरळसरळ फसवणूक आहे. त्याचं उत्तर, "प्रत्येक गोष्ट बोलूनच दाखवायला हवी का?"
फसवणूक. हे मी लिहिलं, मी! नंतर गोळी घेताना स्वतःचीच लाज वाटली.
आणि हा असं का म्हणतो? याला काही लपवायचंय, की नुसतंच कॉमिकचं वेड? काही कळत नाही.

१६ फेब्रु., रवि.
पिक्चर बघितला, दोघांनी. सिंहगड रोडला. मोटार सुरू झाली तसा कौ. मोठ्याने "अरे देवा" म्हणाला. पुढचे काका वळून बघायला लागले. मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर मोटार मलाही नाही आवडली. पेट्रोल कुठे भरतो हा? कबूल मात्र केलं नाही.
इंटर्व्हलला नऊ वाजले. पाण्याच्या कूलरपाशी गोळी तोंडात टाकली, वळते तर हा पॉपकॉर्न घेऊन उभा. स्ट्रिप अजून हातात. "अ‍ॅसिडिटी," मी म्हटलं. त्याने विचारलंही नव्हतं! तो "हं" म्हणाला आणि पॉपकॉर्न पुढे केले.
मग रातवा सुमनला सांगतो तो सीन. ज्याच्यासाठी मी इतकी भांडले, तोच मला बघवेना. आणि कौ. चक्क डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर म्हणे, "चुकीचाच आहे. पण चांगला केलाय." आता याचा काय अर्थ लावायचा?

२० फेब्रु.
कौ. ऑफिस सुटल्यावर आमच्या पेठेत आला, खालूनच एक पाकीट देऊन गेला. आत रातव्याचा अंक, माझ्याकडे नसलेला. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांत मिळाला म्हणे. मेसेज आला, "पान सतरा. मागच्या बाजूला काय चाललंय बघ."
बघितलं. रातवा जेवतोय, पाहुण्यांना थापा मारतोय. मागे कोपऱ्यात, नखाएवढी, सुमन. काळी शाल शिवतेय. आधीच्या अंकात फाटली होती ती!
फोन लावला. म्हटलं, चित्रकाराचं चुकून झालं असेल.
"मुद्दाम काढलंय. तिला माहीत होतं. म्हणून तर माझा पिक्चरवर राग. त्याने सांगायची गरजच नव्हती." मग, "जेवलीस? आणि ते अ‍ॅसिडिटीचं घेतलंस?"
हो म्हटलं, फोन ठेवला. स्ट्रिप काढून तिच्यावरचं नाव वाचलं.

२२ फेब्रु., शनि.
त्याला माहीत आहे. किंवा नाही. स्ट्रिपवरचं नाव वाचलं असेल तर नेटवर लगेच कळतं. की बिचाऱ्याला खरंच माझ्या पोटाची काळजी? विचारू कसं? विचारलं की सांगावं लागणार.
माहीत असूनही तो हो म्हणत असेल तर... नुसत्या विचारानेच रडू येतंय. आणि माहीत नसेल तर उद्या फसवणार मीच.
आई म्हणाली, "हो कळवू ना?" म्हटलं, हो. मग म्हटलं, थांब. पेपरामागून बाबा, "दोन्ही कळवू का?"
पान सतरा परत काढून बसले. सुमनला माहीत आहे, ठीक. पण रातव्याला कुठे माहीत, की तिला माहीत आहे? तो बापडा प्रत्येक अंकात अंधारात कपडे बदलतो. इतकी वर्षं! भीती काही गेली नाही त्याची.
कौ.ला मेसेज केला: ती अ‍ॅसिडिटीची गोळी नव्हती. फिटची आहे. रोजची.
एकच टिक. धायरीत लाइट गेलीय की हा तो पिक्चर परत बघायला गेलाय, देव जाणे. आई दारात उभी, काय कळवू म्हणून. म्हटलं, दुसरी टिक येऊ दे.