पाणी घोट्याइतकंच आहे

३ जून, मंगळवार

पोचले एकदाची. लिसिआतेमामांच्या होडीत माझ्या तीन पिशव्या, दोन गोण्या कलिंगडं आणि एक डुक्कर. मामा इथले होडीवाले. अख्खं बेट त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही. नुकुअलोफाहून आलेय म्हटल्यावर पिशव्यांकडे बघून म्हणाले, "राजधानीत काही मागे ठेवलंस का गं?" हसले, पण अंगावर काळा सदरा आणि कमरेला गुंडाळलेली सुतकाची फाटकी चटई. कोण गेलं ते विचारलं नाही. पहिल्याच दिवशी कसं विचारणार?

कालोलाइनेबाईंनी किनाऱ्यावरच मिठी मारली. पाहुण्यांसाठीच्या चार झोपड्या त्यांच्या. जमिनीतल्या खड्ड्याच्या चुलीत भाजलेलं अळूच्या पानातलं मांस त्यांनी मला तीनदा वाढलं. माझी खोली नीरफणसाच्या झाडाखाली, खिडकीतून समुद्र. इतकी चांगली नोकरी मला मिळाली यावर आईचा विश्वास बसणार नाही.

काम सोपं आहे. झाडलोट, चादरी, आणि पाहुण्यांसाठी माहितीचं एक पान लिहायचं. बाई म्हणतात, येणारा प्रत्येक माणूस दोनच गोष्टी विचारून डोकं खातो: फोन कुठे लागतो, आणि पलीकडे मोठ्या बेटावर कसं जायचं.

४ जून, बुधवार

दिवसभर फोन उंच धरून फिरले. बायका हसत होत्या. पानावर लिहिलं ते असं:

फोनचं कार्ड मोठ्या बेटावर विमानातून उतरताच घ्या, इथे मिळत नाही. इथे फोन दोनच जागी लागतो: चर्चच्या पायऱ्यांवर आणि तिसऱ्या झोपडीमागे. घरात अजिबात नाही. निरोप आला असला तरी बाहेर पडेपर्यंत कळत नाही. मोठ्या बेटावर सायकल भाड्याने मिळते. रविवारी सगळं बंद, चालतही कुठे जाऊ नका, चर्चमध्ये या.

पलीकडे जायला होडी, किंवा वाळूच्या दांड्यावरून पायी. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर वाट मोकळी असते. चाळीस मिनिटं लागतात. पायात घट्ट काहीतरी घाला, खडक कापतात. मधोमध होड्यांसाठी खुणेचा सिमेंटचा खांब आहे, लोखंडी शिडीचा. चुकून पाण्यात सापडलात तर वर चढा आणि पाणी उतरेपर्यंत बसून राहा.

ओहोटीची वेळ रोज सरकते, म्हणून झोपड्यांच्या फोनवरून पाहुण्यांना रोज निरोप पाठवायचा. तो फोन आता माझ्याकडे. आधी वाइओला नावाची मुलगी पाठवायची. ती न्यूझीलंडला फळं तोडायला गेली, असं बाई म्हणाल्या.

६ जून, शुक्रवार

पहिले पाहुणे: होबार्टचे ग्वेन आणि डेस. दोघं सत्तरीचे. त्या पूर्वी नर्स होत्या, ते सुतार. डेस यांचा गुडघा दुखतो आणि ग्वेन त्यांना "माझं मोडकं टेबल" म्हणतात. ते म्हणतात, टेबल मोडकं असलं तरी जेवायला तिथेच येतेस ना.

आज दोघं पलीकडे जाऊन आले, हळूहळू. ग्वेनबाई खूश होत्या. वाट दाखवायला मुलगी पाठवलीत ते बरं केलंत, म्हणाल्या. सारखी पुढे चालत होती, मागे वळून हात करत होती, बोलली मात्र नाही.

मी कोणालाच पाठवलं नव्हतं. गावातली असेल कोणी.

८ जून, रविवार

प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर बायकांना विचारलं, शुक्रवारी दांड्यावर कोण होती? एकीने आपल्या लेकीचा हात धरला आणि घरी गेली.

मग ग्वेनबाईंनी मला आपला फोन दाखवला. शुक्रवारचे दोन निरोप. एक माझा. त्याखाली, त्याच नंबरवरून: "साडेबाराला निघा. मी पुढे चालते."

माझ्याकडच्या फोनमध्ये दुसरा निरोप नाहीच.

९ जून, सोमवार

कालोलाइनेबाईंना सांगितलं. त्या नारळ खवत होत्या. म्हातारी माणसं गोंधळतात, म्हणाल्या. खोबरं संपलं होतं तरी करवंटी खवत राहिल्या. बोट कापलं, तेव्हा थांबल्या.

१० जून, मंगळवार

आज मामांनी सांगितलं. होडीला रंग देत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

वाइओला त्यांच्या बहिणीची पोर. न्यूझीलंडला कधी गेलीच नाही. फेब्रुवारीत एका पाहुण्याची औषधं पलीकडे राहिली. मामा मयतीला गेले होते, होडी नव्हती. पाणी चढायला लागलं होतं, तरी बाईंनी तिला पायी धाडलं. धावत गेलीस तर पोचशील, म्हणाल्या. दांड्याच्या मध्यावर फोन लागतो, तिथून पोरीने निरोप पाठवला: पाणी कमरेला लागलंय, होडी पाठवा. खांबापर्यंतही पोचली नसावी. बाई तो निरोप दुसऱ्या दिवशी चर्चला गेल्या तेव्हा आला.

देह मिळाला नाही. तिचा फोनही नाही.

मी थेट स्वयंपाकघरात गेले. वाटलं, नाही म्हणतील. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "मी घरात बसले होते गं. घरात फोन लागत नाही, हे मला माहीत नव्हतं का?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी त्यांच्या बोटाची पट्टी बदलली.

उद्यापासून पायी कोणी जायचं नाही. पानावरची ती वाट खोडली. ग्वेन-डेसना सांगितलं, होडीनेच जा. का, ते नाही सांगितलं. कसं सांगणार?

११ जून, बुधवार

ग्वेनबाई गेल्या.

सकाळी अकरा, पूर्ण भरती. डेस झोपडीत गुडघ्याला तेल लावत होते. त्यांना वाटलं ती पायऱ्यांवर फोन करायला गेली. मी चादरी वाळत घालत होते, तिथून दिसल्या. दांड्यावर खूप आत, पाणी छातीला. हात बाजूला धरलेला, जणू कोणाच्या तरी हातात दिलेला. मी ओरडले. वळल्या, हसल्या. पाणी दिसतच नसावं त्यांना.

मामा होडी घेऊन गेले. टोपी मिळाली.

मी सांगायला हवं होतं. का, ते सांगायला हवं होतं.

१२ जून, गुरुवार, सकाळी नऊ

मोठ्या बेटावरून पोलीस आले. मामा त्यांच्याबरोबर बाहेरच्या खडकांकडे शोधायला गेलेत. झोपड्यांचा फोन मी उखळात ठेचला. बाई बघत राहिल्या.

डेस खोलीत आहेत. खोलीत फोन लागत नाही. त्यांनी मला निरोप दाखवला, आत्ताच आलेला, ग्वेनच्या नंबरवरून. "डेस, पाणी घोट्याइतकंच आहे. ये."

मी सगळं सांगितलं त्यांना. वाइओलाचं, सगळं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं ती बोलावते आणि मी जातो, पोरी."

दार बाहेरून बंद केलंय. कडी साधी आहे. बाईंना राखणीला बसवून मी माणसं बोलवायला जाते.

तोच दिवस, अकरा चाळीस

खांबावर आहे. पाठीवरच्या पिशवीत पाणी शिरत नाही, वही आणि फोन कोरडे राहिले. लिहीत बसले की पाण्याकडे बघावं लागत नाही.

माणसं घेऊन परतले तर दार उघडं. कडी बाईंनीच काढली. म्हणाल्या, ती त्याला बोलावत होती, मी कशी अडवू? डेस दांड्यावर होते. माणसं पाण्यात उतरेनात. मी उतरले. कमरेपर्यंत, मग पोहत. पकडलं त्यांना. शिडीवर चढवलं. दोन पायऱ्या. मी वरून हात धरला होता. दोन्ही हातांनी.

त्यांनी सोडवून घेतला. प्रेमाने. एकेक बोट.

बारा

बसून राहायचं. एवढंच. सहाला ओहोटी. पाणी इथवर येत नाही. मामा त्याआधीच येतील.

माझ्या फोनवरून मामांना निरोप पाठवला. खांबावर आहे, होडी पाठवा. गेला की नाही कळत नाही —

बारा दहा

मामांचं उत्तर. "होडी कशाला? पाणी उतरलंय."

मामांना जेमतेम वाचता येतं. लिहिता येत नाही.

बारा वीस

उत्तरेकडे बघायचं नाही. तिथे तिघं आहेत. मी दक्षिणेकडे बघते. दक्षिणेकडे फक्त —

तिथेही आहेत. जुनी माणसं. कितीतरी. चटया नेसलेली.

बारा पंचवीस

भरती आहे. मला माहीत आहे, भरती आहे. वेळा मीच लिहिल्या.

पण वाळू दिसते. खरंच दिसते. ओली वाळू, शिडीच्या खालीच, तिच्यावर खेकडे. डेस बसून पँट झटकताहेत. ग्वेनबाई त्यांचा गुडघा चोळताहेत. वाइओला माझ्याएवढीच आहे. थकलेली दिसते. कोणी तिला घरी न्यायलाच आलं नाही ना —

मी फक्त एक पाय खाली लावून बघते. शिडी धरून. लागलं पाणी तर लगेच वर —

गार नाहीये. कोरडं