पाळीचा डोंगर

२६ सप्टेंबर
सीताफळाचा गर काढायच्या आमच्या कारखान्यात हंगामाचा पहिला आठवडा. गोठवणीच्या खोलीचं तापमान स्थिर. फाटकावर आलेल्या सीताफळांत एकही कच्चं नाही. खवल्यांमधल्या खाचा रुंद, पिवळसर. डोंगरावरून फळ तोडून आणणाऱ्या बायका म्हणतात, फळानं डोळे उघडले. असंच फळ घ्यायचं आणि भाव जास्त द्यायचा, हा माझा नियम. अप्पांनी, म्हणजे मालकांनी, तो मान्य केला हे विसरायचं नाही. मागच्या वर्षी ते सगळंच घेत. कच्चं फळ पिकत नाही, काळं पडतं. ओढून तोडलं की फांदीही जाते.

पुण्याची आइस्क्रीम कंपनी आमच्या गरासाठी तीन वर्षांचा करार करेल, पण डोंगर राखला जातोय हे दाखवलं तर. त्यांची अधिकारी बाई सहा तारखेला येणार. करार नाही झाला तर अप्पा पुन्हा सरसकट फळ घेणार. तसं स्पष्ट सांगितलंय. मग इथं माझं काम उरत नाही.

आईचा फोन, आमच्या कडा गावाहून. जेवलीस का. हो म्हटलं.

२८ सप्टें.
कंपनीसाठी अहवाल लिहून झाला. ‘डोंगरावर कच्च्या फळांची तोड बंद आहे.’ फोटो हवेत, म्हणून उद्या वर जाते.

२९ सप्टें.
वाक्य खोटं आहे.

डोंगर ओरबाडलाय. बायका दिसेल ते तोडतात आणि पायथ्याला बसून निवडतात. डोळे उघडलेलं आमच्या क्रेटमध्ये, कच्चं व्यापाऱ्याच्या टेम्पोत. मी फक्त फाटक तपासत होते.

खालच्या वस्तीच्या कासाबाईंनी पाटी उतरवली. “म्याडम, तोंड कावून पाडलंय? तुमाला तर निवडक दिलंय की.”
“कच्चं का तोडता, मावशी?”
“आमी ठिवलं तर वरल्या वस्तीच्या तोडत्यात. त्यांच्यासाठी ठिवायला त्या काय माज्या नणंदा हायत?”
मागून कुणीतरी, “नणंद असती तर तिनं आदी तोडलं असतं!”
सगळ्या हसल्या. मीही, थोडी.

मी निघताना कासाबाईंनी पाटीतली दोन चांगली फळं माझ्या पिशवीत कोंबली. त्यांचं अर्धं विकणं बंद करायला मी आलेय, हे कळत असूनही.

३० सप्टें.
अप्पांना सगळं सांगितलं. वाक्य खोडणार, हेही.
“फाटक तर साफ हाय. ती बाई फाटकच बगंल.”
म्हटलं, मी डोंगर बघून आलेय.
बराच वेळ कपाळावरचं भस्म चोळत बसले. मग, “खोड. दोन वर्सानं फळच न्हाई आलं तर मशीनीत काय दगडं घालायची? पन तारीक हालनार न्हाई, पोरी.”
चहा आला. माझा बिनसाखरेचा. मी कधी सांगितलं नव्हतं.

२ ऑक्टोबर
दोन्ही वस्त्यांच्या बायका आवारात. मी डोंगराचे दोन भाग सुचवले. लगेच उडवून लावलं. “उनाची बाजू त्यांनाच व्हय?” शेवटी विहिरीच्या पाण्यासारखी पाळी ठरली. सगळा डोंगर एक दिवस खालच्यांचा, एक दिवस वरच्यांचा, आणि कच्चं कुणीच तोडायचं नाही. आज न तोडलेलं फळ उद्या दुसरीचं, आणि तिनं ठेवलेलं परवा आपलं. हिशेब बरोबर आहे. भरवसा नाही.

वरच्या गोदाबाई, “खालच्या रातीतून चढल्या तर?”
कासाबाई, “तुजं घर वर हाय ना? मग बस राखन!”

लई भांडण. (हा शब्द आता माझ्याही तोंडी बसला.) पण उठून एकही गेली नाही. अख्ख्या दिवसाची मजुरी सोडून आल्या होत्या, माझ्या सांगण्यावरून. आभार मानायला मला जमत नाही. इथं लिहिते.

४ ऑक्टो.
खालच्यांची पाळी. मीही बरोबर. व्यापाऱ्यानं कच्च्याचा भाव वाढवलाय, टेम्पो सकाळपासून पायथ्याला. एक-दोघींच्या पाट्यांत कच्चं दिसलं. बहुतेकींच्या नाही.

कासाबाईंनी एक फांदी वाकवली. फळ मोठं. खाचा जेमतेम उजळलेल्या.
“उद्या व्हईल हे.”
“उद्या गोदाबाईंची पाळी, मावशी.”
“म्हाईत हाय की.”
फांदी हलकेच सोडली. पुढच्या झाडाकडे गेल्या. मग माझ्याकडे न बघता, “तिला सापडलं तर म्हनावं, ग्वाड होतं का ते तरी सांग.”

उद्या वरच्यांबरोबर जाते. ते झाड कुठलं, गोदाबाईंना दाखवणार नाही. त्यांचं त्यांना सापडू दे.