वरच्या पेत्रेनाची माणसं

१२ मार्च २००१, सोमवार

गावाच्या पुस्तिकेसाठी जनगणनेचे जुने आकडे उतरवले. १९२८ – चारशे बारा. १९६१ – दोनशे साठ. १९८१ – एकाहत्तर. १९९१ – एकशे अडतीस!

दहा वर्षांत दुप्पट? तेव्हा मी इथल्या शाळेत शिकवत होते. वर्गात दोन मुलं. अथेन्सहून बसगाड्या आल्या, माणसं जेवली, मोजली गेली, संध्याकाळी परत. पुस्तिकेत काय लिहू?

आज आम्ही एकोणीस आहोत.

१५ मार्च

सरपंच स्तेर्गिओस सकाळीच दारात. "बाई, रविवारी मोजणार तुम्हीच. शंभर भरले नाहीत तर आपला गुरुवारचा डॉक्टर खालच्या पेत्रेनाला जाईल." अथेन्सला राहायला गेलेल्या गावकऱ्यांसाठी बस ठरवली आहे, बावन्न जणांची. शिवाय काही जण आपापल्या गाडीने.

त्या दिवशी माणूस जिथे असेल तिथे मोजायचा – नियमच तसा. म्हणजे गैर काही नाही. मग मला टोचतं का? आसिमोमावशी ब्याऐंशीच्या, रक्तदाब दर आठवड्याला तपासावा लागतो. त्यांच्यासाठी तरी यावी बस.

१८ मार्च, रविवार

दहाची बस दोनला आली. सगळे खुशीत, गात. आणि प्रत्येकाच्या हातात मोजल्याची पावती!

खालच्या पेत्रेनाचा सरपंच वळणावर उभा होता म्हणे. उपवासाचं घेवड्याचं सूप, ऑक्टोपस, वर दारू. "दोन घास खा, वरचं गाव काय पळून जातंय?" आणि घासाघासाला त्यांचा माणूस नावं लिहून घेत होता.

सगळ्यात पहिलं नाव स्तेर्गिओसच्या मेव्हण्याचं.

"अरे गाढवा, तू तरी!"

"सूप गरम होतं रे. नाव सांगायला काय जातं?"

स्तेर्गिओस माझ्याकडे वळला. "पुन्हा लिहा. कोण बघतंय?"

नाही म्हणाले. एक माणूस दोनदा कसा लिहू? गाडीने आलेले तेहतीस, आम्ही एकोणीस – बावन्न. तेवढेच लिहिले.

आसिमोमावशी म्हणाल्या, "स्तेर्गिओस, ओरडू नकोस, तुझाच रक्तदाब चढेल. डॉक्टर खाली तर खाली. मी जाईन उतरून."

मग सगळे चौकात जेवलो. अगदी पोटभर हसलो, खोटं कशाला बोलू.

१९ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर गेला. आता दर गुरुवारी मावशींना मी गाडीने खाली नेते. दोन-दोन तास रांग. त्या एका शब्दाने कुरकुरत नाहीत, त्यानेच मला जास्त लागतं. आज विधवेचा काळा रुमाल न बांधताच निघाल्या – निळा होता डोक्यावर. विसरल्या असतील. वय झालं. या वयात ही दगदग माझ्यामुळे.

२६ एप्रिल

आजही निळाच!

७ जून, गुरुवार

परतताना मागच्या सीटवर तिसरं माणूस. खालच्या पेत्रेनाचे लाम्ब्रोसकाका, विधुर, वय चौऱ्याऐंशी, मांडीवर कोंबड्यांची टोपली. रांगेत मावशींच्या शेजारी बसायचे. रविवारी दोघांचं लग्न – घरजावई म्हणून येताहेत!

आम्ही वीस.