तिसाव्या दिवशी आपोआप

४ नोव्हेंबर २०२४
आजपासून मी, विनीत, बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटरवाला! निघताना आईने एवढे घावणे बांधून दिले की खेडपासून इथे नाटे गावापर्यंत एसटीभर वास. सचिव सर्वेशभाऊ भला माणूस, बोलायला लागला की बांगड्यापासून थेट दिल्लीपर्यंत जातो. टेबलावर वायरलेस आहे. समुद्रातल्या बोटी त्यावर बोलतात आणि ते बोलणं कॉम्प्युटरवर तात्पुरत्या फाइलींत साठत राहतं. कॉम्प्युटर म्हणजे नुसती अडगळ. एक पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो.

९ नोव्हेंबर, शनिवार
आज जनीवयनी आल्या. त्यांचा नवरा महिपत तांडेल गेल्या वर्षी बोटीसकट बेपत्ता झाला. ना फळकूट मिळालं, ना देह. त्याची शेवटची हाक त्या तात्पुरत्या फाइलींत राहिली आहे. दर शनिवारी वयनी माझ्या खुर्चीत बसून ती ऐकतात. आधी खोकला, मग ‘सोसायटी, मी महिपत. आयकताव काय?’ एवढंच. मोबाइलवर उतरवून देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. हाक सोसायटीला मारलेली, ती इथंच येऊन ऐकायची. सर्वेशभाऊंनी बजावलंय, त्या फाइलींना हात लावू नकोस.
पण मी कसला ऐकतोय!

१४ नोव्हेंबर
कॉम्प्युटर सकाळपासून तीनदा अडला. शेवटी नियमच लावून टाकला. ज्या तात्पुरत्या फाइलीत तीस दिवस काही बदल नाही, ती रोज सकाळी अकराला आपोआप पुसली जाईल. वयनींची फाइल तर दर शनिवारी उघडतेच, म्हणजे ती वाचणार. अकराच्या ठोक्याला चार हजार फाइली गेल्या आणि आमचं मरतुकडं घोडं धावायला लागलं. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

१६ नोव्हेंबर, शनिवार
घात झाला. नुसतं ऐकणं हे कॉम्प्युटर बदल म्हणून धरतच नाही. त्याच्या लेखी ती फाइल वर्षभर हललेलीच नव्हती. सगळे उपाय केले, परत येत नाही.
वयनींनी विचारलं, कुणी पुसलान? मी म्हणालो, कुणीच नाही, तीस दिवस झाले की आपोआप जातं. किती सहज खोटं बोललो! त्या रडल्या नाहीत. उठल्या आणि तडक ग्रामदेवतेपुढे जाऊन गाऱ्हाणं घातलं. सर्वेशभाऊंनी येऊन शब्द न् शब्द सांगितला: ‘बा देवा, ज्यानं माज्या घोवाचा आवाज पुसलान, तेचा नाव तिसाव्या दिशी असाच आपोआप पुसू दे.’

२१ नोव्हेंबर
गाऱ्हाण्यावर मी हसलो होतो. आज सकाळी अकराला वायरलेस खरखरला. आधी खोकला, मग ‘सोसायटी, मी महिपत. आयकताव काय?’ सर्वेशभाऊ शेजारीच बसलेले. त्यांना काही ऐकू आलं नाही.

२ डिसेंबर
हजेरीपुस्तकात माझं नाव नाही. खाडाखोड नाही, पान फाटलेलं नाही, ओळच कोरी. सर्वेशभाऊंनी मला दारात बघून विचारलं, काय काम काढलंत? थट्टा समजून हसलो. ते हसले नाहीत.
महिपत रोज अकराला येतो. आज सोसायटीला हाक मारली नाही. ‘विनीत, आयकतंस काय?’ म्हणाला.

८ डिसेंबर
आईला फोन केला. म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय हो, आम्हाला मूलबाळ नाही. वर मायेने विचारलं, रडताय का, जेवलात का? —

१२ डिसेंबर
चहावाला माझ्यापुढे कप ठेवत नाही. धक्का लागला तरी कुणी वळून बघत नाही. बोटांवर मोजलं — चौदा नोव्हेंबर, त्यावर तीस — परवा.
नियम काढून टाकला. वायर उपटली. तरी अकराला पडदा उजळला. पुसायच्या यादीत एकच नाव. माझं.

१४ डिसेंबर, शनिवार. पावणेअकरा
वयनी आल्या. त्यांना मी दिसतो! त्यांनाच फक्त. पाय धरले. कबूल केलं — मीच पुसली, नुसतं ऐकणं यंत्र धरत नाही हे ठाऊक नव्हतं, खोटं बोललो — एकदा नावाने हाक मारा, एकदाच —
त्या माझ्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मी दर शनवारी आयकत होते, तां तुज्या यंत्रानं धरलान काय?
आता बघतायत माझ्याकडे. नुसत्या बघतायत. ते धरलं जाणार नाही —

दहा छप्पन्न. वायरलेस. महिपत म्हणतो, बोटीवर एक जागा मोकळी हाय —

मी विनीत. खेडचा. आईचं नाव — आईचं —

वयनींनी वायरलेसला कान लावलाय. हसतायत. ऐकू येतोय त्यांना तो —

अकरा वा