आकडा दुप्पट व्हायला पाहिजे

३ फेब्रु. ८५, रवि.
तीन दिवस वर गेले, पाळी नाही. सासूबाईंनी विचारायच्या आत मीच म्हटलं, कावळा शिवला. जाऊन बसले परसात पोत्यावर. साफ खोटं. पण खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पवनारात... मागच्या दोन्ही वेळी तेच. आधी पेढे, मग गर्भ पडल्यावर समजूत घालायलाही तेच लोक. तिसऱ्यांदा नाही होऊ देणार.
ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

७ फेब्रु., गुरु.
चार दिवस बसून पाठ मोडली. आज न्हाले, घरात शिरले. दुपारी कामावर गेले, लॅबमध्ये सोबत काम करणाऱ्या नलूकडून रक्त काढून घेतलं. नळीवर नाव नाही, नंबर. इतक्या लवकर लघवीच्या तपासणीवर भरवसा नाही. वारेतून रक्तात उतरतं ते हार्मोन मोजायचं. दुसऱ्यांचं रोज मोजते, आज थेंब मोजताना दोनदा चुकले. नलू म्हणाली, "बाजूले हो, मी करतो." झाले बाजूला.

८ फेब्रु., शुक्र.
१२०. आहे. आहे म्हणजे आहे.
आमच्या दवाखान्यातल्या डॉ. बाई : "एका आकड्यावर नाचू नको. दोन दिवसांत दुप्पट व्हायला पाहिजे."
नाचत कुठे होते. जिन्यात बसून रडले, एवढंच.

११ फेब्रु., सोम.
शनिवारचं रक्त आज मोजलं. १७०. वाढलाय, पण दुप्पट नाही. नलूनं परत मोजलं. तेच.
डॉ. बाई : "पडेलच असं नाही. टिकेलच असंही नाही. बुधवारी पुन्हा."
मागे ही तपासणी नव्हती. एका सकाळी सरळ... जाऊ दे. कशाला मोजलं असं झालंय. स्टँडवर दोन बस सोडल्या.

१२ फेब्रु., मंगळ.
सासूबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता, "चार दिवस बसली, दोरीवर एक कापड नाई दिसलं. मले काऊन फसवून राह्यली?"
एवढं सोंग केलं, अन् कापडं वाळत घालायचं सुचलं नाही. शिकलेली म्हणे मी. सगळं सांगून टाकलं, आकडेसुद्धा. त्यांनी गव्हातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाल्या, "मागं मीच गावभर केलं. यंदा कोणाले नाई सांगितलं."
आठवड्यापासून माहीत होतं त्यांना. किती राग धरून होते मी त्यांच्यावर.

१३ फेब्रु., बुध.
सासूबाई सोबत आल्या. बसमध्ये शेजारणीनं विचारलं तर म्हणे, डोळे दाखवाले चाललो. लॅबबाहेर बाकावर बसल्या.
"रक्तात लेकरू दिसते का वं?"
म्हटलं, "लेकरू नाही. वार नीट वाढते का, त्याचा अंदाज येतो."
रक्त दिलं. आकडा उद्या दुपारी. रात्रभर नळ्या तशाच ठेवाव्या लागतात, घाई करून चालत नाही.
आत्ता भांडी घासताना म्हणाल्या, "उद्या बी येतो मी. कमी निंघाला तं बसमध्ये एकटी नको येऊ."
सकाळी डबा दोघींचा करायचा.