पाळण्यासाठी शेड

३ ऑक्टोबर
मुलीला सातवा महिना लागला. आज ती, जावई आणि माझा मेहुणा जेवायला होते. बाळाचा पाळणा मी स्वतः बनवणार, असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्यांचं काम नापास करण्यात हयात गेली, तेव्हा चांगलं काम कसं असतं ते मला शिकवायला नको. आधी बागेतल्या शेडचं वर्कशॉप करायचं. लाकडी भिंती, वर पत्रा. थंडीत आत बोटं वळत नाहीत. भिंतींना आणि छताला आतून इन्सुलेशन, त्यावर प्लाय. आठ दिवसांचं काम.

१० ऑक्टोबर
मेहुणा सुतार आहे, त्यामुळे न विचारता सल्ला देतो. म्हणाला, भिंतींच्या फळ्या पावसाने ओल्या आहेत, सुकू द्या, आणि प्लायमागे हवा खेळायला जागा ठेवा. हवाच खेळवायची तर भिंती कशाला, असं मी विचारलं. चहा संपवून उठला. पटलं असणार.

१८ ऑक्टोबर
इन्सुलेशनसाठी ग्लासवूल, म्हणजे काचेचे बारीक तंतू, भरायला घेतलं. कापसासारखं दिसतं. हातमोजे नाहीत, ती नवशिक्यांची थेरं.

१९ ऑक्टोबर
खाज.

२१ ऑक्टोबर
अजून खाज. मालच हलका आहे.

२ नोव्हेंबर
प्लाय ठोकून झाला. एकूण एक फट फोमने बुजवली, मुंगीलाही वाट नाही. स्वतः तपासलं आणि खडूने 'पास' लिहिलं. पाळण्याचं सागवान आत रचून ठेवलं.

५ नोव्हेंबर, सकाळ
प्लगचा पॉइंट सापडत नाही. प्लायमागे गेला असावा. सौ. म्हणते, ठोकण्याआधी बघायचं नाही का. या बाईने जन्मात एक खिळा ठोकलेला नाही.

संध्याकाळ
सात भोकं पाडली. पॉइंट नाही. घरातून वायर ओढून हीटर लावला. दहा मिनिटांत शेड उबदार. मेहुण्याला बघायला बोलावलं, तर हातात काम आहे म्हणे. जळतो.

२६ नोव्हेंबर
छतातून पाणी ठिबकतं. बाहेर पावसाचा टिपूस नाही. पत्रेवाला वर चढून बघून आला. पत्रा शाबूत आहे, ही आतलीच वाफ, तिला बाहेर पडायला जागा नाही, म्हणाला. आता पत्रे ठोकणारे मला वाफ शिकवणार.

१४ डिसेंबर
प्लाय फुगला. एक तुकडा उचकटून पाहिला. मागे सगळं चिंब, फळ्या काळ्या पडलेल्या. सागवानावर बुरशी, दोन फळ्या पार वाकड्या. लाकूडवाल्याने ओला माल गळ्यात मारला, दुसरं काय. मुलीला फोनवर सांगितलं, पाळणा जवळजवळ तयार आहे. ती म्हणाली, बाबा, फार दमू नका.

९ जानेवारी
नात झाली, त्याला आठवडा झाला. आज मुलीकडे गेलो. बाळ पाळण्यात झोपलं होतं. पाळणा मेहुण्याने केलेला. अर्धा तास वाकून तपासला. सांधे, पॉलिश, झोका, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. वाईट वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. मुलीला म्हटलं, मामाला ऐन वेळी घाई कशाला करायला लावलीस, माझा होतच आला होता. ती म्हणाली, घाई कसली, मामाला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तेव्हाच म्हणजे कधी, विचारलं. म्हणाली, तुम्ही जाहीर केलंत त्या दिवशीच. तुम्ही हात धुवायला उठलात तेव्हा.