वन्सं, तुम्ही गेल्याची बातमी आम्ही उठवली नाही

शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थरूप वन्सं म्हाळसाबाई यांच्या पायाशी धाकट्या भावजयीचा, म्हणजे रंभाचा, वाकून नमस्कार. (कंबरेत उसण भरली आहे तरी वाकले आहे, याची नोंद घ्यावी.) तुमची तब्येत ठणठणीत असणारच. तुमच्याकडचा सयाजी डाळिंबाची गाडी घेऊन आला होता, तो म्हणाला, आत्याबाई अजून दोघींचं काम एकट्या ओढतात आणि चौघींचं बोलतात. दाजींचा गुडघा, शेरडं, नवी बोअर, सगळं ठीक असावं. फोनवरच विचारलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ‘रेंज न्हाय’ म्हणून ठेवता. सांगोल्यातली रेंज फक्त माझ्या फोनपुरतीच कशी जाते कोण जाणे. पत्राला तसं मध्येच ठेवता येत नाही. (फाडता येतं. पण वाचल्याशिवाय तुम्ही फाडणार नाही, मी काय तुम्हाला आज ओळखते?)

तर पहिली गोष्ट. तुम्ही जिवंत आहात हे आम्हाला पक्कं माहीत होतं आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. तुम्ही वारल्याची जी बोंब सोलापुरात झाली आणि फिरत फिरत तुमच्याच कानावर गेली, ती आम्ही उठवलेली नाही. ती तुमच्या धाकट्या भावाच्या मिशीमुळे उठली. मिशी गेली काकवीमुळे, आणि ती काकवी नव्हतीच. आता हे सगळं माझ्या सुनेच्या, लिगायाच्या माथी मारायला तुम्ही टपून बसला असणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. कारण त्या पोरीला आपल्या घराच्या रस्त्याकडच्या गाळ्यात पार्लर टाकायला मिळालं नाही, तर ती पुन्हा दोहाला कामाला जाणार, एकटी, आणि आमचा अजिंक्य इथं टॉवेलच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करत घरी येऊन भिंतीकडं बघत बसणार. गाळा मामंजींनी तुमच्या नावावर केला, किल्ली तुमच्या कमरेला. म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी गाडी तुमच्याच दारात येऊन थांबते.

लग्नातून तुम्ही न जेवता उठून गेलात, ते मी अजून विसरले नाही. (बासुंदी होती.) तुमचा पहिला राग तापाचा. लिगाया तुमच्या पाया पडण्याऐवजी तुमचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावायला लागली, आणि तुम्ही भर मांडवात ओरडलात, ‘आगं बया, पोरीला ताप हाय!’ वन्सं, त्यांच्या फिलिपिन्समध्ये थोरामोठ्यांना नमस्कार तसाच करतात. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? तुमच्यामागून ती शेजारच्या शरणप्पाकाकांकडे गेली, तिथून निंगव्वा मावशीकडे, आणि जो तो कपाळाला हात लागला की मान हलवून म्हणतोय, व्हय की, लई तापलीय. मे महिन्यात सोलापुरात कुणाच्याही कपाळाला हात लावा, तापच लागतो! भटजींनी घाईघाईने मंगलाष्टका उरकल्या, निंगव्वा मावशीने कुठूनसा काढा उकळून आणला, आणि त्या बिचारीने तो नवरीला पाजायची आपल्यातली रीत असेल असं समजून, तोंड वाकडं न करता, संपवला. वर रिकामं भांडं कपाळाला लावलं.

दुसरा राग नावाचा. तुम्ही थोरल्या आत्याच्या मानाने सुनेचं नाव राजनंदिनी ठरवून पाठवलं होतं. ताटात तांदूळ पसरले, अजिंक्यने अंगठीने ‘रा’ काढला, आणि पोरीने विचारलं, काय लिहितोस? त्याने सांगितलं. तिने हळूच त्याच्या हातातली अंगठी घेतली, तांदूळ सारखे केले आणि आपल्या अक्षरात आपलं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघून मोडक्या हिंदीत म्हणाली की आडनाव तुमचं घेते, कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, पण नाव माझ्या आजीने ठेवलंय, ते राहू द्या. लिगाया म्हणजे आनंद, असं अजिंक्य सांगत होता तोवर तुम्ही चप्पल शोधत होतात. सगळ्यांना वाटलं, मलाही राग आलाय. वन्सं, खरं सांगू? मला हेवा वाटला. मला या घरात आणलं तेव्हा तांदळातून रंभा निघाली. माझं माहेरचं नाव तुम्हाला आठवतं का? यांनाही आठवत नाही. मला नाही म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि ही पोर समुद्र ओलांडून येऊन, कुणाचा अपमान न करता, हसत नाही म्हणाली. मी तिथंच तिच्या प्रेमात पडले.

आता तिच्या रूपाविषयी. तुम्ही तिला ‘चिनी’ म्हणता, गल्ली नेपाळी म्हणते, रिक्षावाला मणिपूरची म्हणतो. मंगळवार बाजारात ही मेथी निवडत उभी होती तर एक माणूस येऊन म्हणाला, एक हाफ नूडल्स, तिखट जरा जास्त. (हिने काय करावं? त्याच्या हातात मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाली, ‘हे खावा की, चांगलं असतंय.’ मराठी ती माझ्याकडून शिकली आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) गल्लीतल्या बायका मात्र तिच्या गालाला हात लावून म्हणतात, काय गोरीपान बाई आणली! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही हसून हसून उंबऱ्यावर बसली. मग डोळे पुसत सांगितलं की तिच्या देशात ती सावळी गणली जाते. तिकडंही पोरींना गोरं व्हायचे साबण आणून देतात. दोहाच्या पार्लरमध्ये उजळ पोरी पुढच्या खुर्चीवर, आणि हिला मागच्या खोलीत बायकांचे पाय घासायला बसवलं होतं. बाई तीच, कातडी तीच, नुसतं गाव बदललं तर सावळीची गोरी झाली! ती म्हणाली, आई, मग रंग माझ्या अंगावर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. मला तर बाई ती गोरीही नको नि सावळीही नको, सकाळी केस वर बांधून चहा टाकते तेव्हा जशी दिसते तशी लई देखणी दिसते.

कामासाठी तिने सोलापूर पालथं घातलं. एका शाळेला इंग्रजी शिकवायला ‘परदेशी बाई’ हवी होती. ही गेली तर संस्थाचालकांनी मागे वाकून बघितलं, परदेशी बाई कुठाय म्हणून. तिचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, पण त्यांना जाहिरातीत सोनेरी केस पाहिजे होते. एका मोठ्या पार्लरवालीने तिला घेतलं, आणि काचेच्या दारापाशी नुसतं बसवून ठेवलं, बाहेरून लोकांना फॉरेनर दिसावी म्हणून! केसाला हात लावायचा नाही, कात्रीला हात लावायचा नाही. ही संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, आई, मी बाहुली नाही, मला काम येतं. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. मी म्हटलं, बरं केलंस.

मग शरणप्पाकाकांच्या चंद्रिकाचं लग्न निघालं. मुहूर्ताच्या दिवशी ठरलेली पार्लरवाली आलीच नाही, मुलगी रडतेय, तिची आजी सुंदरम्मा कपाळ बडवतेय. लिगाया पेटी घेऊन गेली. चंद्रिका कशी आहे तुम्हाला माहीत आहे, पक्क्या रंगाची. दर वेळी तिला पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी रंगवतात आणि मान काळी, तोंड पांढरं अशी ती फोटोत उभी राहते. लिगायाने तिचा रंग होता तसाच ठेवला. नुसती तकाकी आणली, डोळे रेखले, केसात अबोली माळली. पोरगी बाहेर आली आणि सगळा मांडव माना वळवून बघायला लागला हो! सुंदरम्मा आजी तेलुगूत काहीतरी पुटपुटत नातीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवत राहिली, आणि चंद्रिकाने जन्मात पहिल्यांदा फोटोवाल्याला ‘अजून एक काढा की’ म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या दाराशी बायकांची रीघ.

रीघ म्हणजे कुठं? आमच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर एकीकडे आमटी, दुसरीकडे मेंदी. खाटेवर ओल्या केसांची एखादी मास्तरीण, आणि तुमचे बंधू ताट हातात घेऊन देवळाच्या पायरीवर. त्यात लिगाया अंगावरचे केस काढायला साखर-लिंबाचा पाक करते, दोहाला शिकली होती. रंगाने, चिकटपणाने हुबेहूब आपली काकवी. हे घरात आले, भूक लागलेली, बघणारं कुणी नाही. भाकरी मोडली आणि वाडगं पुढं ओढलं. (आंबट आहे पण चव चांगली आहे, असं नंतर म्हणाले. पोटाला काही झालं नाही, काळजी नसावी.) पण निम्मा पाक मिशीत. पुसायला टॉवेल घेतला, तो मिशीला बसला. आपला सोलापुरी टॉवेल तुम्हाला माहीत आहे, फाटत नाही. यांनी हिसडा दिला आणि डावी मिशी टॉवेलबरोबर आली! यांचा तो आवाज तुमच्या बोअरपर्यंत कसा आला नाही याचंच नवल. उरलेली उजवी न्हाव्याने काढली, दुसरं काय करणार.

आणि हे गुळगुळीत तोंडाने गल्लीतून परत आले. झालं! मिशी काढली म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं. कोण गेलं हे तोंडावर विचारायचं कसं, म्हणून लोकांनी आपसातच ठरवलं. आईवडील तर केव्हाच गेले, राहिल्या त्या सांगोल्याच्या थोरल्या म्हाळसाबाई. (लग्न झालेल्या बहिणीसाठी मिशी काढत नाहीत हे मलाही कळतं, पण सगळ्या गल्लीला कोण शिकवत बसणार?) मी तेव्हा दळणाला गेलेले, हे लाजेने माडीवर जाऊन झोपलेले. निंगव्वा मावशी पिठलं-भाकरी घेऊन आली, मागून शरणप्पाकाका टोपी काढून, आणि त्यांनी घरात एकट्या असलेल्या लिगायाला सांगितलं की तुझी आत्यासासू चांगली बाई होती.

मी दळण घेऊन आले तर अंगणात चपलाच चपला. आत तुमचा फोटो, तोच, अजिंक्यचं जाऊळ काढतानाचा, ज्यात तुम्ही कॅमेऱ्यावर डाफरताय, तो पाटावर ठेवलेला, पुढं मेणबत्ती, अबोलीचा गजरा, आणि लिगाया जमिनीवर बसून रडतेय. गिऱ्हाईक परत पाठवलेलं, आलेल्या प्रत्येकाला चहा दिलेला, कारण त्यांच्यात माणूस गेल्यावर घर उघडं ठेवतात, आल्यागेल्याला खायला घालतात, फोटोला एकटं सोडत नाहीत. मी म्हटलं, अगं, कुणासाठी रडतेस? ती म्हणाली, आत्यासाठी, आई, त्या माझ्यावर रागावूनच गेल्या की. आता मी माफी कुणाला मागू?

वन्सं, मी दळणाचा डबा तिथंच ठेवला आणि तिच्याशेजारी बसले. तुम्ही तिच्या हातचं पाणी प्यायला नाहीत, तिच्या नावाने तिला एकदा हाक मारली नाहीत, आणि तुमच्या मरणावर सगळ्या घरात तीच एक खरी रडली. आम्ही रडलो नाही, कारण तुम्ही जिवंत होतात, हा आमचा बचाव आहे. पण गल्ली नुसती चहा पीत होती.

त्या संध्याकाळी तिने मला तिच्या आईचं सांगितलं. ती बाई, कोरा तिचं नाव, पोरगी चालायला लागली तशी हाँगकाँगला गेली, लोकाच्या घरी धुणीभांडी करायला, लोकाची पोरं वाढवायला. दुसऱ्यांची पोरं तिच्या मांडीवर मोठी झाली आणि आपली फोटोत. लिगाया म्हणाली, आई, मला इथं काम नाही मिळालं तर मीही जाईन, जावंच लागेल, आणि उद्या मला मूल झालं तर तेही मला फोटोतच बघेल. कष्टाला ती भीत नाही वन्सं, घर सोडायला भिते. एवढंच आहे. तुमच्या गाळ्यात जुने फवारणी पंप आणि डाळिंबाचे क्रेट ठेवलेत, त्यांना कुठंही जायचं नाही, कुणाला सोडायचं नाही. त्या जागेत एक खुर्ची आणि एक आरसा मावला तर ही पोर आपल्या घरात राहते. मी तुमच्यापुढं कधी पदर पसरला नाही, आज पसरते.

दाजींना नमस्कार, शेरडांना जपा, आणि उन्हात डोक्याला फडकं बांधून जात जा. आता तर गल्लीने तुम्हाला एकदा पोचवलंच आहे, परत परत कुणी येणार नाही.

तुमची धाकटी भावजय,
रंभा

ता. क. किल्ली सयाजीच्या गाडीबरोबर पाठवली तरी चालेल. कुणाकडे देऊ नको म्हणावं, माझ्याच हातात दे.

ता. क. किल्लीची तशी घाई नाही. कुलूप गंजलं होतं, ते यांनी हातोड्याने पाडव्यालाच काढलं. (मिशीचा राग त्याच्यावर काढला म्हणा.) तुमचे पंप आणि क्रेट माडीवर झाकून ठेवलेत, एकही इकडचा तिकडे नाही. पार्लर जोरात चाललंय, लग्नसराईत तर श्वास घ्यायला उसंत नव्हती. तुमचा होकार मिळेल याची आम्हाला खात्री होती, तो यायला फक्त उशीर लागला. ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरडा.

ता. क. आणि यायचंच आहे तर येत्या रविवारच्या आत या. लिगायाने पार्लरच्या कमाईतून आईला विमानाचं तिकीट पाठवलंय, ती सोमवारी उतरते. विहीणबाई आजवर अनेक वेळा परक्या देशात उतरली, पण दर वेळी कुणाच्या तरी घरी कामाला. पाहुणी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा येते आहे. तिला दारात ओवाळून, पाटावर बसवून ओटी भरायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. तो मी घेणार नाही. ती तुमचा हात धरून कपाळाला लावेल, तेव्हा हात मागं घेऊ नका, वन्सं.